समास

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला छंद असू नये, असं माझं फार जुनं मत आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर त्याने घरी यावं, पाय धुवावेत, चहा घ्यावा आणि मग स्वतःचे पैसे मोजावेत. त्याला फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे झोप लवकर येते. पण चाळिशी उलटली, रक्तदाबाचं यंत्र नको ते आकडे दाखवू लागलं आणि डॉक्टर म्हणाले, "मन कशाततरी गुंतवा." मी म्हणालो, "हल्लीचे व्याजदर बघता कशातच काही गुंतवण्यात अर्थ नाही, डॉक्टर." डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या दवाखान्याचं कर्ज आमच्याच शाखेत आहे.

म्हणून मी फोटोला फ्रेम करायला शिकलो. आता यातला 'म्हणून' जरा घाईचा आहे. खरं कारण आमच्या भिंतीवर होतं.

बैठकीच्या खोलीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो आहे. अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. ते गेले त्या दिवशी आम्हाला फोटोची शोधाशोध करावी लागली नाही. आईने ट्रंकेतून फ्रेमसकट तयार फोटो काढून दिला. अण्णांनी तो हयातीतच करून ठेवला होता. विजेचं बिल आल्या दिवशी भरणारा माणूस. समाचाराला आलेल्या मंडळींनी त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुकही केलं. फोटो चांगला होता, फ्रेम मात्र वेडगळ. फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याची कोरी पट्टी डावीकडे दोन बोटं आणि उजवीकडे चांगली पाच बोटं. त्यामुळे तो सरळ टांगलेला असूनही वाकडा दिसायचा. येणारा प्रत्येक पाहुणा उठून तो सरळ करायचा, म्हणजे वाकडा करायचा. तो गेल्यावर मी पुन्हा सरळ, म्हणजे त्याच्या मते वाकडा करायचो. त्यात अण्णांच्या डाव्या खांद्यावर एक पांढुरका डाग. आई दर दिवाळीला काच पुसताना त्या जागी थोडं जास्त पुसायची. डाग जात नसे.

गेल्या पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी धरली आणि खांद्यापासून निघून अण्णांच्या हनुवटीपर्यंत आली. दुकानात नेला तर तिथला मुलगा म्हणाला, "स्कॅन मारून नवीनच करून देतो, काका. मागे हिमालय टाकू." अण्णा आयुष्यात मनमाडच्या पुढे गेले नव्हते. त्यांना मरणोत्तर हिमालयात पाठवणं मला बरं वाटेना. तेव्हा मी क्लासला गेलो.

आमच्या ओझरला असा क्लास असेल, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. मुळात ओझर म्हटलं की लोक विचारतात, "गणपतीचं का?" ते अष्टविनायकातलं ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. आमचं नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं, बाणगंगेच्या काठचं. आमचं ओझर विमानांचं. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या शेजारी माणसं मिलिमीटरचा शंभरावा भाग या भाषेत बोलू लागली. त्यातलेच एक निवृत्त फिटर हे आमचे मास्तर. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. मास्तर त्याच्या पंधरा वर्षं आधी. हातांना स्वस्थ बसवेना म्हणून ते फ्रेमा करू लागले आणि जिभेला स्वस्थ बसवेना म्हणून शिकवू लागले. घरामागे पत्र्याची शेड, त्यात एक लांब टेबल, रविवारी सकाळी आठ ते अकरा, चार रविवार. फी घेताना पावती देत नाहीत, याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं.

विद्यार्थी चौघे. एक शाळेतले ड्रॉइंगचे गुरुजी, जे तास कमी पडले म्हणून मराठीही शिकवत. एक टाउनशिपमधल्या वहिनी, ज्यांच्या भरतकामाने त्यांच्या घरातल्या भिंती संपल्या होत्या. एक द्राक्षबागायतदार, त्यांना मुलाचं कृषी पदवीचं सर्टिफिकेट स्वतःच्या हाताने मढवायचं होतं, कारण मुलगा पदवी घेऊन पुण्याला गेला तो तिकडेच नोकरीला लागला आणि बागेला उपयोग सर्टिफिकेटचाच काय तो राहिला. चौथा मी.

फ्रेम म्हणजे चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशांत कापायची, चारही जोडायच्या, झालं. सांगायला इतकं सोपं आहे, की हे शिकवायला पैसे कसले घेतात असं वाटावं. मी पहिल्या रविवारी चार पट्ट्या कापल्या, जोडल्या. पहिला कोपरा बसला. दुसरा बसला. तिसरा जरा कुरकुरत बसला. चौथ्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींकडे पाठ फिरवून उभी. मधल्या फटीतून मास्तरांची मांजर दिसत होती.

मास्तरांनी फटीत नख घातलं आणि म्हणाले, "बँकवाले, चौथा कोपरा चुकला नाही. चुकले पहिले तीन. चौथ्याने फक्त हिशोब दाखवला."

चार पट्ट्यांचे कापे आठ. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकलो, आणि तोही एकाच बाजूला, तर आठ कापांचे चार अंश होतात आणि ते सगळेच्या सगळे शेवटच्या कोपऱ्यावर जमा होतात. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी मला एक गुरुमंत्र दिला होता: संध्याकाळी हिशोब जुळला नाही आणि फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ३६ चे ६३ केलेत असं समज आणि सकाळपासूनच्या नोंदी तपास. फरक संध्याकाळी दिसतो, चूक सकाळी झालेली असते. मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग करवत सकाळपासून सरळ धरा."

मास्तरांचं कारखान्यावर प्रेम. त्यांनी एकदा ऐकवलं, की मिगचा सांगाडा ओझरला व्हायचा, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि तिन्ही इथे आणून जोडले की विमान उडायचं. मी माझ्या चौथ्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. तीन राज्यांत केलेले भाग जुळतात आणि एका टेबलावर एका माणसाने कापलेल्या चार पट्ट्या जुळत नाहीत!

दुसऱ्या रविवारी खिळे. फ्रेमेला लागतात ते अगदी बारीक, अर्ध्या इंचाचे. त्यांना सुतारकामात चुका म्हणतात. मास्तर दुकानातून पाव किलो चुका आणायला सांगत, तेव्हा वहिनींना हसू आवरत नसे. मी मात्र घरूनच पुरेशा घेऊन येत असे. काच कापण्याचंही तसंच. आपल्याला वाटतं हिरा काच कापतो. तो कापत नाही, नुसता चरा पाडतो. मग टेबलाच्या कडेवर हलका दाब दिला की काच आपण होऊन त्या चऱ्यावरून तुटते. चरा एकदाच पाडायचा. शंका आली म्हणून त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवला, की काच मनाला येईल तिथून फुटते. बागायतदारांनी तीन काचा फोडल्या. म्हणाले, "घरातली भांडणं अशीच होतात, मास्तर. एकदा बोलून भागतं, आपण पुन्हा तेच ओढतो." त्या वेळी मी हसलो.

मास्तरांचा खरा जीव फ्रेमेच्या मागच्या बाजूत. पुढून माझा कोपरा थोडा फाटला तरी ते एकवेळ चालवून घेत. मागचा कागद सुरकुतला की उखडायला लावत. मी विचारलं, "मागची बाजू कोण बघणार?"

"पुढचा फ्रेमवाला," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. विमान ओव्हरहॉलला आलं की पत्रा उघडतात, आत एखादी जोडणी करतात, पत्रा बंद करतात. पुन्हा तो पत्रा कित्येक वर्षांनी उघडतो. तोवर ते काम कुणाच्याही दृष्टीस पडत नाही. फक्त विमान वर असतं. फ्रेमेचंही तेच. ही कायमची नाही. तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी ती उघडणारच. त्याला फोटो सुखरूप निघाला पाहिजे. म्हणून फोटो काचेला टेकू द्यायचा नाही, कारण दमट हवेत फोटोवरचा थर काचेला चिकटतो आणि मग सोडवायला जावं तर चेहरा काचेबरोबर येतो. मधल्या पुठ्ठ्याचं काम शोभेचं कमी, तो काच आणि फोटो यांच्यात अंतर राखतो. हलक्या प्रतीचा पुठ्ठा घ्यायचा नाही, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. आणि फोटो फेविकॉलने थापायचा नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. खळ पाण्याने सुटते. "जे लावाल ते काढता आलं पाहिजे. आपण शहाणे, हे आपलं मत. मागून येणाऱ्याचं मत त्याला असू द्या."

मी बावीस वर्षं नोकरी केली, पण आपलं काम पुढच्याला पुसून टाकता यावं अशा बेताने करावं, हे तत्त्व मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे उलट. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, केलंच तर शेजारी सही.

त्या कोऱ्या पट्टीला मास्तर मार्जिन म्हणत. ड्रॉइंगचे गुरुजी म्हणाले, "मराठीत समास म्हणा." बागायतदार म्हणाले, "समास तर व्याकरणात असतो. रामलक्ष्मण." गुरुजी खूश झाले. म्हणाले, "बरोबर, द्वंद्व समास. राम आणि लक्ष्मण. दोन्ही पदं सारख्या तोलाची. पंचवटी आपल्यापासून वीस किलोमीटरवर, नाशिककराला हे उदाहरण चुकू नये." मग एकदम गंमत वाटून म्हणाले, "आणि बघा, द्वंद्व म्हणजे जोडीही आणि झुंजही."

राम-लक्ष्मणांवरून आठवलं. आपल्या भिंतीवर फ्रेम आली तीच मुळी देवांच्या मागोमाग. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवळात जाऊन ज्यांचं दर्शन घ्यायचं त्या लक्ष्मी-सरस्वती कागदावर छापून घरोघरी आल्या. आमच्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळकेही सिनेमाच्या नादी लागण्याआधी त्या छापखान्याच्या कामात होते. कागदाला काच हवी, काचेला चौकट हवी. बायका त्या छापील साड्यांवर जरी आणि टिकल्या शिवत, मग तर काच हवीच. देवांनंतर पुढारी आले, पुढाऱ्यांनंतर घरातले गेलेले. मध्यमवर्गीय घरात फ्रेमेत जायचं तर आधी एक अट पुरी करावी लागते. जिवंत माणसाला अल्बममध्ये ठेवतात. फ्रेमेतला माणूस वाद घालत नाही, चहात साखर कमी आहे म्हणत नाही, आणि त्याच्याबद्दल काय सांगायचं हे आपण ठरवतो. कुठपर्यंत माणूस आणि कुठून भिंत, हे फ्रेम करणारा ठरवतो. हा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता, कारण मी फ्रेम टांगली होती, उघडली नव्हती.

चौथ्या रविवारी अण्णांना शेडमध्ये नेलं. मास्तर फ्रेम हातात घेऊन बराच वेळ उजवीकडचा समास बघत राहिले. "हे ज्याने केलं त्याला येत नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "खिडकीच्या कडा बघा कशा सुताने कापल्यात. मग ही मध्यावर का नाही?"

मागचा कागद फाडला. आत पुठ्ठ्याला आधार म्हणून वर्तमानपत्राची घडी. त्यावर लासलगावच्या कांद्याचे भाव आणि तारीख, मार्च १९९३. चुका एकेक करून काढल्या. या तिसरीकडच्याच कुणीतरी ठोकलेल्या, पण पक्कडीने आज्ञाधारकपणे निघाल्या. मास्तरांनी फोटो पुठ्ठ्यासकट उचलला आणि पुठ्ठा बाजूला केला.

अण्णांच्या शेजारी, अर्धवट त्यांच्या मागे, काका उभे होते.

बावीस-तेवीस वर्षांचे, भरपूर केसांचे, पट्ट्यापट्ट्यांच्या टायमध्ये. १९७६ साली त्यांना कारखान्यात नोकरी लागली तेव्हा दोघा भावांनी नाशिकला स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो. अण्णांच्या डाव्या खांद्यावरचा डाग म्हणजे काकांची बोटं होती. मनगट पुठ्ठ्याखाली गेलं होतं, बोटं तेवढी खिडकीत राहिली होती.

मास्तर म्हणाले, "अरे, हा तर आमच्या ओव्हरहॉलमधला!"

इथे आमच्या भिंतीचा इतिहास सांगणं भाग आहे. आमच्या आणि काकांच्या घरात अंतर नऊ इंच. एकच सामाईक भिंत. १९९२ च्या उन्हाळ्यात अण्णांनी तिच्यात कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला आणि पलीकडे काकूंच्या फळीवर गिलाव्याचा पोपडा पडला. त्यात लोणच्याची बरणी फुटली. वर्षभराचं लोणचं आणि भावाभावांचं बोलणं एकाच दिवशी संपलं. मग मोजणी झाली, वकील झाले, निफाडला अकरा वर्षं तारखा झाल्या, आणि शेवटी निकाल लागला, की भिंत सामाईक आहे. हे दोघांनाही खिळ्याच्या आधी माहीत होतं. तेव्हापासून काकांकडच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पोस्टाने येते. नऊ इंच अंतरासाठी ती आधी नाशिकला जाऊन येते म्हणतात.

काका वर्षातून एकदा आमच्या शाखेत हयातीचा दाखला द्यायला येतात. दुसऱ्या खिडकीवर रांग मोठी असेल तरच माझ्याकडे. मी म्हणतो, "सही इथे." ते सही करतात. मी शिक्का मारतो. म्हणजे हा माणूस जिवंत आहे, असं मी दर वर्षी सरकारला लिहून देत होतो, आणि घरी त्यालाच पुठ्ठ्याखाली घालून वर अण्णांना नमस्कार करत होतो.

फोटो घरी आणून आईपुढे ठेवला. मला वाटलं होतं ती दचकेल. ती चष्मा लावून नुसती बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"त्याचा हात ओळखू येणार नाही का मला? लग्न होऊन आले तेव्हा आठवीत होता तो. या हातांना मी छड्यांचे वळ बघून हळद लावलीय."

"मग दर दिवाळीला डाग पुसायचीस ती?"

"डाग मी कधी म्हणाले? तुम्ही म्हणायचात. मी पुसायचे."

यावर काय बोलणार? थोड्या वेळाने मी विचारलं, की अण्णांनी फ्रेमवाल्याला नेमकं सांगितलं तरी काय होतं. आईला ते माहीत नव्हतं. ती दुकानात गेली नव्हती. तिला एवढंच आठवत होतं, की घरी आल्यावर अण्णा कुरकुरत होते, ठरले त्यापेक्षा पाच रुपये जास्त गेले म्हणून.

पाच रुपये! माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. फोटोतला एक माणूस कमी करायचा तर कात्री लागते, पैसे नाही. उलट फ्रेम लहान होते, पट्टी कमी लागते, काच कमी लागते. सगळं स्वस्त पडतं. पूर्ण फोटो तसाच ठेवून, मोठी फ्रेम, मोठी काच, आणि एकीकडे सरकवून कापलेल्या खिडकीचा पुठ्ठा, यालाच पाच रुपये जास्त पडतात. हे मास्तरांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, तसंच. ज्यांनी जन्मात रिक्षावाल्याला आठ आणे जास्त दिले नाहीत, त्या अण्णांनी भावावर रागावलेले असताना त्याला अखंड ठेवण्यासाठी पाच रुपये मोजले होते. माणसाच्या बोलण्यावर मी फारसा विसंबत नाही, व्हाउचरवर विसंबतो.

पण व्हाउचर दोन्हीकडून वाचता येतं. अण्णांनी भाऊ कापला नाही, हे खरं. झाकला, हेही खरंच. आणि तो झाकलेलाच ठेवून ते गेले. मग आता मी कोण उघडणारा? रात्री झोप येईना. बापाने घातलेलं झाकण मुलाने काढावं का? ते गेलेत, त्यांना विचारता येत नाही, म्हणून मला सोयीचा अर्थ मी काढतोय का? दुसऱ्या बाजूने बघा. पुठ्ठ्याखालचा माणूस तर जिवंत आहे, भिंतीपलीकडे खोकतोय, मला ऐकू येतंय. त्याला कोणी विचारलं होतं?

शेवटी बँकेच्याच भाषेत सुटलं. हा फोटो म्हणजे दोघांच्या नावाचं खातं. असं खातं साधारणपणे 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' या बोलीवर उघडतात. एका खातेदाराला राग आला तर तो आम्हाला लेखी कळवून व्यवहार थांबवू शकतो. मग दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही. पण दुसऱ्याचं नाव तो एकटा खोडू शकत नाही. अण्णांनी १९९३ साली तेच केलं होतं. व्यवहार थांबवले होते, नाव खोडलं नव्हतं. आणि आता मागे राहिलेले एक, काका. माझा संबंधच काय? फार तर नॉमिनी. आणि नॉमिनी मालक नसतो, विश्वस्त असतो, हे मी काउंटरवर दिवसातून चार वेळा लोकांना समजावतो. इतकं पटल्यावर मला झोप लागली. पटलं ते खरं होतं की नुसतं सोयीचं, ते अजूनही सांगता येत नाही.

सकाळी हिला सगळं सांगितलं. हिने एका वाक्यात तत्त्वज्ञान खाली आणलं. "अहो, पण हाराचं काय?"

खरंच की. अण्णांच्या फोटोला चंदनाचा हार असतो. नव्या फ्रेमेत दोघं. हार फ्रेमेला घातला तर तो काकांनाही पडणार. म्हणजे बँकेत हयातीचा दाखला आणि घरी चंदनाचा हार! हार अर्ध्याच फ्रेमेला अडकवता येतो का, हे मी करून बघितलं. तो दर वेळी सरकून मध्यावर येत होता. आई आतून म्हणाली, "हार काढा. त्यांना तसाही नाकाशी वास चालायचा नाही." बारा वर्षं हे कुणी बोललं नव्हतं. हार कपाटात गेला.

नवीन पुठ्ठा मी स्वतः कापला. खिडकी मध्यावर, चारही बाजूंना दोन बोटं, खाली एक सूतभर जास्त, कारण तेवढी दिली नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. बुरशीची साय मास्तरांनी कोरड्या मऊ ब्रशने काढली. खांद्यापाशी थोडी राहिली, तिथे काचेला चिकटलेला एक कपटा निघून गेलाय. काकांच्या करंगळीचं पेर नाही. गव्हाची खळ हिने शिजवली, पहिल्यांदा तिची खीर झाली. चार कोपऱ्यांपैकी तीन बसले.

आता टांगायची कुठे? पूर्वीची भिंत रस्त्याकडची, तिला ओल येते. बुरशी त्यानेच धरली होती. कोरडी भिंत घरात एकच. सामाईक.

संध्याकाळी फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून मी काकांच्या दारात गेलो. दार वाजवताना लक्षात आलं, की या दाराची कडी कुठे आहे हे मला ठाऊक नाही. काका बाहेर आले. मला बघून म्हणाले, "दाखल्याचं काही राहिलं का?"

"नाही. भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. म्हटलं विचारून ठोकावा."

ते काही बोलले नाहीत. मी चादर सोडली. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. आतून काकू कोण आलंय म्हणून विचारत होत्या, त्यांना उत्तर मिळालं नाही. काका फ्रेम उजेडाकडे धरून बघत राहिले, आणि मग त्यांचं कारखान्यातलं बोट सरळ वरच्या डाव्या कोपऱ्यावर गेलं.

"हा जोड उघडलाय रे. कोणी केली?"

"मी."

"तरीच." त्यांनी फ्रेम माझ्या हातात दिली नाही. काखेत धरली आणि चपला पायात सरकवत म्हणाले, "कुठे ठोकतोयस, दाखव आधी. कॅलेंडरच्या जागी ठोकू नको, तिथे भिंत पोकळ आहे. मी अण्णाला तेव्हाच सांगत होतो, वीतभर वर घे."